मंदाची वेगळी चूल

बसूनच बोलते, चालेल ना? उभी राहिले तर खुर्चीची पाठ धरावी लागेल आणि तुम्हाला वाटेल, रडायला लागले. रडून झालंय. आता नुसता थकवा उरलाय.

इथे जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. दुपारच्या उन्हातून आलात, कुणी मंदाच्या गल्लीतून, अशोका गार्डनहून दोन रिक्षा बदलून आलात. मंदाला हे आवडलं नसतं. म्हणाली असती, "एवढी माणसं कशाला गोळा केलीत? खुर्च्या पुरल्या का?"

मी वृंदा. मंदाची शाळेपासूनची मैत्रीण. मुलीसारखी, बहिणीसारखी असले शब्द वापरत नाही. मैत्रीण हा शब्द मला पुरतो. मघाशी आपल्या मंडळाच्या अध्यक्षांनी तिच्याबद्दल फार चांगलं सांगितलं. तिची शिस्त, तिचं शिवणकाम, गणपतीतलं तिचं आरतीचं ताट. सगळं खरं आहे. पण मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर सांगितली नाही, कारण मंदाने मला शपथ घातली होती. "मी असेपर्यंत बोलायचं नाही," म्हणाली होती. आता ती नाही. शपथ सुटली.

गोष्ट चुलीची आहे. आणि तिकडे शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलेल्या मुलीची. अनघा, मंदाची एकुलती एक मुलगी. स्वतःच्या आईच्या शोकसभेत ती दाराजवळ बसली आहे. मघापासून मी बघते आहे, तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत.

त्या रिकाम्या का आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

थोडं मागे जाते.

आम्ही दोघी कॉन्व्हेंटमध्ये होतो. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी. भोपाळच्या मराठी मुलींचं असंच असायचं. शाळेत मधल्या सुट्टीचा एक कडक नियम होता. प्रत्येकीने आपापल्या डब्यातलंच खायचं. दुसरीच्या डब्यात हात घालायचा नाही. सिस्टर लांब पट्टी घेऊन ओळींमधून फिरायच्या. मंदाच्या डब्यात तिच्या आईची मेथीची पोळी असायची, माझ्या डब्यात बहुतेक वेळा ब्रेड, कारण माझी आई नोकरीला जायची. आम्ही दोघी हात धुवायच्या नळामागे जायचो. एकीने वाकून बघायचं आणि म्हणायचं, "उघड डबा, कोणी बघत नाही." मग एकाच डब्यातून दोघी. ती मेथीची पोळी अजून माझ्या जिभेवर आहे.

पुढे आमची लग्नं झाली. माझे यजमान कारखान्यात इंजिनियर, क्वार्टर मिळालं, पेन्शन मिळालं, औषधपाण्याची सोय मिळाली. तिचे यजमान जवाहर चौकातल्या कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे. सज्जन माणूस. एका रात्री दुकान बंद करून घरी आले आणि सकाळी उठले नाहीत. दुकानदाराने महिनाभर विचारपूस केली, मग तीही थांबली. दोघी एकाच बाकावर बसलो होतो, आणि एकीच्या मागे आयुष्यभराची सोय उभी राहिली, दुसरीच्या मागे शिलाई मशीन. यात माझी हुशारी नव्हती आणि तिची चूक नव्हती.

तिला विधवा पेन्शन मिळायला लागलं. रेशनचं कार्ड झालं. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा लागायचा नाही. सुई टोचून टोचून बोटांच्या रेषा पुसल्या होत्या. मशीन लाल दिवा दाखवायचं आणि मागची रांग ओरडायची, "अम्मा, हाथ पोंछ के लगाओ!" मंदा साडीला बोट पुसायची आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत हळूच काहीतरी बोलायची, अगदी सिस्टरच्या सुरात. मला हसू आवरायचं नाही. रेशनच्या रांगेत दोन म्हाताऱ्या हसताहेत, लोकांना वाटायचं, काय झालंय यांना!

मग तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ते सगळं सरकारच्या मोफत इलाजाच्या कार्डावर व्हायचं. त्या कार्डाने मंदाला जगवलं, हे मी आधीच सांगून टाकते. मी सरकारवर बोट ठेवायला इथे बसलेले नाही. कार्ड नसतं तर ही सभा आपण फार आधी घेतली असती.

पण ते कार्ड गरीब घराला मिळतं. आणि घरात अनघा होती. शिकलेली, हिशेबात बापासारखी चोख. घरी बसून मुलांच्या शिकवण्या घ्यायची. आम्ही विचारायचो, "काय गं, नोकरीचं काय झालं?" ती म्हणायची, "नाही झालं सिलेक्शन, मावशी." पुन्हा विचारलं की पुन्हा तेच. मला वाटायचं, एवढी हुशार मुलगी, हिला कोणीच कसं घेत नाही?

एक दिवस मी मंदाकडे बसले होते. डायलिसिस करून आलो होतो, ती पडून होती. अनघाचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. तो वाजला, अनघा खाली दूध आणायला गेलेली. मी फोन आणून मंदाला दिला. पलीकडून कुठल्याशा ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, "मॅम, आप हर बार सिलेक्ट होके मना क्यों कर देती हैं? सर पूछ रहे हैं, प्रॉब्लम क्या है?"

मंदा म्हणाली, "प्रॉब्लम मैं हूं, बेटा." आणि फोन ठेवला.

अनघा आली. दुधाची पिशवी हातातच.

"नोकरी आली होती?"

"आली होती."

"मग?"

"मग काय? पगार सुरू झाला की आपलं घर गरीब राहत नाही, आई. तुझं पेन्शन बंद, कार्ड बंद. आणि त्या पगारात तुझं डायलिसिस बसत नाही. मी मांडून बघितलंय. ऑफिसचा विमा फक्त माझा, तुझा नाही."

"म्हणजे मी जगायचं म्हणून तू कमवायचं नाही."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मी गेले की कोण देणार तुला नोकरी? केस पांढरे होईपर्यंत शिकवण्या घेणार आहेस?"

अनघा आत वळली. दूध तापवायला गेली. मंदा भिंतीकडे तोंड करून झोपली. मी मध्ये बसलेली. कुणाची बाजू घेणार होते मी? मुलगी कमावेल तर आईचा इलाज जातो, मुलगी कमवणार नाही तर मुलगीच जाते. अर्धी नोकरी नसते, अर्धं डायलिसिस नसतं.

दुसऱ्या आठवड्यात मंदा मला घेऊन वॉर्डाच्या ऑफिसात गेली. खिडकीतल्या माणसाला तिने सगळं सरळ सांगून टाकलं. तो बिचारा चांगला होता. म्हणाला, "देखो अम्मा, चूल्हा अलग तो परिवार अलग. बेटी अलग रहे, अपना कमाए-खाए, तो उसकी कमाई उसकी. आपका कार्ड आपके नाम चलता रहेगा."

चूल वेगळी तर घर वेगळं. आपल्यालाही हे नवीन नाही. आपल्याकडे भाऊ वेगळे होतात तेव्हा आधी चूल वेगळी होते, भिंत नंतर उभी राहते.

तिच्या पुतण्याने सोपा रस्ता सुचवला. "काकू, कागदावर वेगळं दाखवा आणि राहा की एकत्र. सगळे असंच करतात."

मंदा म्हणाली, "सगळे करतात ते मला झोप लागू देणार नाही."

आणि भीतीही होती. त्यांच्याच गल्लीत एका माणसाची कोणीतरी तक्रार केली होती आणि इलाज चालू असताना त्याचं कार्ड थांबलं होतं. त्याच्या बायकोला दारोदार फिरताना मंदाने पाहिलं होतं. म्हणून तिने ठरवलं, वेगळं व्हायचं तर खरोखरीचं व्हायचं.

अनघा ऐकेना. शेवटी मंदाने तिला अक्षरशः घराबाहेर काढलं. दार उघडं ठेवून, आवाज चढवून. "नीघ. तुझं तू बघ, माझं मी बघते." गल्लीने ऐकलं. तुमच्यापैकी काहींनी ऐकलं. अनघाची पेटी रिक्षात चढली. शाहपुऱ्याला, तळ्याच्या मागच्या गल्लीत तिने एक खोली घेतली आणि ऑफिसात रुजू झाली. मंदाने दार लावलं आणि मला म्हणाली, "जरा जास्तच ओरडले का गं? घसा दुखतोय."

त्या दिवसापासून अनघा वाईट झाली.

हळदीकुंकवाला बायका मंदाला विचारायच्या, "मुलगी विचारत नाही वाटतं?" मंदा म्हणायची, "तिचं तिच्याजवळ, माझं माझ्याजवळ." यात एक अक्षर खोटं नव्हतं, बघा. मंदाने कधी मुलीबद्दल वाईट शब्द काढला नाही. ती फक्त लोकांना त्यांच्या मनातलं समजू द्यायची. मग त्याच बायका मला कोपऱ्यात घ्यायच्या. "वृंदाताई, आजारी आईला टाकून गेली हो. पगार आला आणि आई जड झाली." मी चहाचा कप बघत बसायची. शपथ होती.

अनघाला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. गणपतीत ती आरतीला आली तर ताट तिच्यापर्यंत येता येता दुसरीकडे वळायचं. तिने एकदाही तोंड उघडलं नाही. खरं सांगितलं असतं तर? ते गल्लीत फिरलं असतं, त्यात मीठमसाला पडला असता, आणि कोणीतरी म्हणालं असतं, हे सगळं कार्डासाठी केलेलं नाटक आहे. मग आईचं काय?

आणि कार्डाच्या तपासणीला माणूस आलाच एक दिवस. हातात मोबाईल, त्यात मंदाचं नाव. त्याने आधी शेजारी विचारलं. शेजारी म्हणजे आपल्या दुबे भाभी. त्या दारात भाजी निवडत होत्या. मंदा आत पडून सगळं ऐकत होती.

त्याने विचारलं, "अम्मा के साथ और कौन रहता है?"

भाभी म्हणाल्या, "कौन रहेगा भैया! एक लड़की है, उसकी मां से पटती कहां है? बोरिया-बिस्तर लेके चली गई. मां के चूल्हे की रोटी तक नहीं खाती. ऐसी औलाद भगवान दुश्मन को न दे!"

त्या माणसाने मोबाईलवर काहीतरी दाबलं, आत डोकावून एक गॅस, एक कुकर, एक ताट पाहिलं, आणि गेला. कार्ड चालू राहिलं.

मंदाने मला हे सांगितलं तेव्हा हसून हसून तिला ठसका लागला. "वृंदा, दुबे भाभींनी मला जगवलं गं. एवढ्या मनापासून शिव्या दिल्या माझ्या लेकीला!" हसता हसता तिने डोळे पुसले. कशासाठी पुसले, मी विचारलं नाही.

भाभी, आप यहीं बैठी हैं. रोइए मत. आपने जो देखा, वही कहा. मंदा आपको बहुत मानती थी.

पण मंदाने त्यानंतर आणखी एक केलं, आणि ते मला आजही गिळवत नाही. पुन्हा तपासणी आली आणि कोणी तोंडावर विचारलं, बेटी के घर का खाती हो? तर "नाही" म्हणताना आपली मान खाली जायला नको, म्हणून तिने अनघाच्या हातचं खाणं सोडलं. अनघालाही आपल्या हातचं द्यायची नाही. मी म्हणाले, "अगं, एक घास खाल्लास तर आकाश कोसळणार आहे का?" म्हणाली, "चूल वेगळी म्हणजे वेगळी. अर्धी वेगळी कशी असेल?"

रविवारी अनघा यायची. गल्लीत नाही, माझ्या घरी टी. टी. नगरला. मंदाही यायची. माझ्या दिवाणावर दोघी शेजारी बसायच्या, प्रत्येकीच्या मांडीवर आपापला डबा. अनघा झाकण उघडायची आणि डबा आईच्या नाकापाशी धरायची. मंदा डोळे मिटून वास घ्यायची. "हिंग कमी पडलाय. फोडणीत आधी टाक, नंतर नको." पुढच्या रविवारी पुन्हा. "आता हिंग बरा आहे, पण मोहरी करपलीय." असं करत करत तिने लेकीला सगळा स्वयंपाक शिकवला, एक शीत तोंडात न घालता. मी माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात जाऊन जेवायची. त्या दोन डब्यांसमोर मला जेवायला बसवायचं नाही.

दर डायलिसिसला मंदाजवळ मी असायची, हे तुम्ही पाहिलंत. संध्याकाळी ऑफिस सुटलं की शाहपुऱ्याहून बस पकडून अनघा यायची आणि सुई निघेपर्यंत आईचे पाय दाबत बसायची, हे तुम्ही पाहिलं नाहीत. कार्डात न बसणारी इंजेक्शनं कुठून यायची, हेही तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटतं तुम्ही समजलात, वृंदाताई देतात. मी दिली नाहीत. द्यायला गेले तर अनघा म्हणायची, "मावशी, यासाठीच तर नोकरी केली ना?" मंदा ती घ्यायची, म्हणायची, "औषध काही चुलीवर शिजत नाही."

शेवटच्या दिवशी दवाखान्याच्या वॉर्डात अनघाने मुगाचं वरण आणि मऊ भात आणला. डॉक्टर म्हणाले होते, दोन चमचे चालतील. अनघाने झाकण उघडलं आणि सवयीने डबा नाकाशी धरला. मंदाने वास घेतला. बराच वेळ. म्हणाली, "जमलं."

अनघाने चमचा पुढे केला. मंदाने मान हलवली. तोंड उघडलं नाही. दवाखान्याची खिचडी तिने दुपारी खाल्ली होती. ती कार्डातली होती.

"जमलं" हा तिचा शेवटचा शब्द.

परवा मी आणि अनघा कार्ड आणि पेन्शन बंद करायला गेलो. खिडकीत आता नवीन मुलगी बसते. तिने नाव काढून टाकलं, सहानुभूतीने बोलली. मला राहवलं नाही, मी विचारलं, "बेटा, मां अलग रहती हो और कभी-कभार बेटी के हाथ का खा ले, तो कार्ड कट जाता क्या?"

ती बघतच राहिली. "खाने का तो कहीं लिखा नहीं है, आंटी. साथ नहीं रहना था, बस. थाली कौन देखता है?"

बाहेर आलो. अनघा आधी हसली. मग उसाच्या रसवाल्याच्या बाकावर बसली आणि उठेचना. चरकाच्या घुंगरांचा आवाज चालू, लोक रस पिताहेत, आणि ही बसलेली. म्हणाली, "मावशी, एक घास चालला असता."

मंदाला कोणी चुकीचं सांगितलं नव्हतं. खिडकीतला माणूस म्हणाला, चूल वेगळी. मंदाने ते आपल्या शाळेतल्या कानांनी ऐकलं. प्रत्येकीने आपापल्या डब्यातलंच खायचं. पट्टी घेतलेली सिस्टर आयुष्यभर तिच्या मागे फिरत राहिली. ज्याला एक चूक झाली तर श्वास बंद होईल अशी भीती असते, तो नियमाच्या चार पावलं अलीकडेच थांबतो. तुम्ही-आम्ही खुशाल रेघेवर पाय ठेवतो, कारण आपला इलाज त्या रेघेवर टांगलेला नसतो.

रेघ कुठेतरी ओढावी लागते, मला कळतं. मी काही उपाय घेऊन आलेली नाही. थकले आहे. एवढंच म्हणते की लेकीने कमावलं म्हणून आईचा श्वास अडू नये. एवढं साधं असायला काय हरकत होती?

आता शेवटचं.

आपल्यात रीत आहे. ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात नेऊन देतात. मंदा गेली त्या दिवशी तुम्ही रीत पाळलीत. तुमचे डबे अशोका गार्डनच्या तिच्या दारासमोर होते. आत कोणी नव्हतं. दाराला कुलूप होतं. ज्या लेकीची आई गेली होती, ती शाहपुऱ्याच्या खोलीत एकटी उपाशी बसली होती, आणि तिथे कोणी एक डबा नेला नाही. कारण तिची चूल वेगळी होती ना! मी दवाखान्यातून कागद उरकून पोचले तेव्हा अंधार पडला होता. ती त्या दिवशी पाणी प्यायली, बाकी काही नाही.

तो पिठलं-भात मी आज करून आणला आहे. मागच्या खोलीत पातेलं आहे. सगळ्यांना पुरेल. वेगवेगळ्या पत्रावळी मुद्दाम आणल्या नाहीत. मोठी परातच आहे.

अनघा, पुढे ये बाळा. इथे, माझ्याजवळ. भाभी, ज़रा उसका हाथ पकड़ लीजिए, उससे चला नहीं जा रहा.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. मीही उठते. शांतता संपली की लगेच चपला शोधू नका. मागे या. आणि पहिला घास अनघाच्या तोंडात तुमच्यापैकी कोणीतरी घाला. मी नको. मी आजवर घालतच आले. तुमच्यापैकी कोणीतरी.

मंदा, तुझी शपथ मी पाळली. तुला माझा नमस्कार.

आता उघड डबा. कोणी बघत नाही.